हौदाच्या गॅलरीतली जागा

दिवाळी झाली आणि चिंचतळ तालमीचे आकाराम आबा गेले. शोकसभा झाली, भाषणं झाली, चौकात मोठा फ्लेक्स लागला. फ्लेक्स लावायला काय जातंय? खरा प्रश्न कुणी तोंडावर आणत नव्हतं. मोठ्या हौदाबरोबरच्या मॅचला आता हौदाच्या गॅलरीत कोण बसणार?

बाहेरच्या माणसाला हे सांगून पटायचं नाही. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम, तालमीला फुटबॉलचा संघ, आणि संघापायी सख्खे मावसभाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. चिंचतळ आणि मोठा हौद या दोन तालमींचं तर विचारूच नका. मधे एवढासा रस्ता, पण मॅचच्या आठवड्यात इकडचा न्हावी तिकडच्याची दाढी करायचा नाही.

आबांची नात मोना लहान असताना एकदा मॅच हरल्यावर चिंचतळाच्या गॅलरीतून दगड सुटले. त्यातला एक मीरासाबच्या कपाळावर बसला. मीरासाब हौदाकडचा गवंडी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आबा तेव्हा चिंचतळाचे अध्यक्ष होते. टाके पडेपर्यंत ते दवाखान्यात मीरासाबचा हात धरून बसले. दगड कुणाचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पण पुढच्या मॅचला चिंचतळाचा तांबडा पटका बांधून, आपल्या पोरांच्या समोरून चालत ते थेट हौदाच्या गॅलरीत गेले आणि मीरासाबच्या शेजारी बसले.

जाताना एवढंच म्हणाले, "माझं डोस्कं आता तिकडं हाय. हाणा बघू कसं हाणताय."

त्यानंतर दगड पडला नाही. आबा दरवर्षी तिकडंच बसले. आपल्यावर गोल पडला की मांडीवरची पिशवी उघडून भडंग वाटायचे आणि म्हणायचे, "घ्या, तोंड तिखट करा." हौदाची पोरं त्यांची भरपूर टर उडवायची, भडंगही खायची.

माणूसच तसा होता. सायकलच्या दुकानात लोक पंक्चर घेऊन यायचे आणि भांडणंही. चाक फिरवत फिरवत आबा दोन्ही निकालात काढायचे. पुराचं पाणी आलं तेव्हा तालमीचं दार उघडून त्यांनी आधी हौदाकडच्या बायकापोरांना आत घेतलं आणि कुरकुरणाऱ्या आपल्याच माणसांना अशा शिव्या घातल्या की पुन्हा कुणी ब्र काढला नाही. मोनावर मात्र कधी आवाज चढवला नाही. तिला त्यांची इतकी आठवण यायची, की रस्त्यात सायकलची घंटी वाजली तरी ती मागं वळून बघायची.

आणि आता मॅच आली होती. मोबाइलवर दोन्हीकडची पोरं एकमेकांना खुन्नस देत होती. एक दगड पडला तरी हंगाम बंद, असं पोलिसांनी बजावलं होतं. आबांनी इतकी वर्षं सांभाळलेलं एका दुपारीत मातीत जाणार, ही धास्ती मोनाच्या उरावर बसली होती.

मॅचच्या सकाळी झुंबरआजीनं कढई चढवली, लसूण लाल केला, भडंग केलं आणि आबांची पिशवी भरली.

"आजी, आबा गेलं की आता," मोनाचा भाऊ पृथ्वीराज म्हणाला. अध्यक्षपद आता त्याच्याकडं आलं होतं.

"आबा गेलं. मॅच हाय न्हवं?"

पृथ्वीराज तिकडं बसला असता तर पोरं म्हणाली असती, नवा अध्यक्ष फुटला. त्याचंही खोटं नव्हतं. मोनानं पिशवी उचलली.

"तू न्हाय जायचं," पृथ्वीराज म्हणाला. "तिकडं काय काय बोलत्यात, तुला ऐकवणार न्हाय."

"मग तू चल की," मोना म्हणाली, आणि आबांचा पटका गळ्यात टाकून निघाली.

आपल्या गॅलरीसमोरून जाताना तिनं पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. आबांचा शब्द होता, दरारा होता. तिला बघून कोण हात आवरणार? शिट्ट्या थांबल्या, पण कुणी अडवलं नाही. हौदाची गॅलरी मुंगी शिरायला जागा नाही अशी भरली होती. तिसऱ्या पायरीवर मात्र एका माणसाची जागा मोकळी होती आणि तिच्यावर टॉवेल पसरलेला होता. शेजारी मीरासाबचाचा. त्यांनी टॉवेल उचलला, झटकला, पुन्हा अंथरला.

"बस, बाय."

बाकी कुणी चकार शब्द बोललं नाही. टर नाही, टोमणा नाही. तिला ते जास्तच जड गेलं.

दुसऱ्या हाफमध्ये हौदाच्या पोरानं तिघांना चकवून चेंडू जाळ्यात घातला. गोल देखणा होता, शत्रूनंही टाळी द्यावी असा. पण गॅलरीत आवाज नाही. हलगीवाल्याची काठी हातातच राहिली. सगळे मोनाकडं बघत होते. समोर चिंचतळाची पोरं उठून उभी राहिली होती. ही शांतता कसली, हे त्यांनाही कळेना. पृथ्वीराज मैदानाकडं पाठ करून, दोन्ही हात पसरून त्यांच्यापुढं उभा होता.

"अरं, ओरडा की," मोना म्हणाली. "गोल झालाय तुमचा."

कुणी हललं नाही.

"सुतक आम्हाला हाय. तुम्हाला कसलं?"

मीरासाबचाचा तिच्याकडं वळले. कपाळावरचा जुना व्रण उन्हात पांढरा दिसत होता.

"आमास्नी बी हाय, पोरी. या हंगामात आमच्या एका मॅचला हलगी वाजल्याली न्हाय."

आणि मोना रडली. घरात पाहुण्यांना चहा देताना, शोकसभेत, कुठंच धड रडली नव्हती. ती इथं, हौदाच्या गॅलरीत, परक्या पोरांच्या मधे हमसून हमसून रडली. मीरासाबचाचा तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिले. मग तिनं पटक्यानं तोंड पुसलं आणि पिशवीची गाठ सोडली.

"घ्या चाचा. तोंड तिखट करा."

पहिली मूठ त्यांना दिली. पिशवी हातोहात वर गेली. हलगीवाल्यानं बकाणा भरला, आणि मग हलगीवर काठी पडली. गॅलरी अशी उसळली की दोन महिन्यांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. मोनाही त्यांच्याबरोबर टाळ्या पिटत होती. समोर पृथ्वीराजनं हळूहळू हात खाली घेतले. पोरं बसली.

चिंचतळ एका गोलनं हरलं. दगड पडला नाही.

मॅच सुटल्यावर पृथ्वीराज बहिणीला न्यायला आला. तालमीच्या पोरांच्या देखत हौदाच्या पायऱ्या चढला. हरल्यानं तोंड उतरलेलं. मीरासाबचाचा थोडे सरकले आणि टॉवेल लांबवला. पृथ्वीराज क्षणभर उभा राहिला, मग बसला.

मोनानं पिशवी त्याच्या तळहातावर उलटी केली. चार शेंगदाणे आणि तळलेल्या लसणाची एक पाकळी पडली. त्यानं ते तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं.

"तिखट हाय लई," तो म्हणाला, आणि डोळे पुसले.