ती पडली नाही

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला रविवारीही फोन येतात. पूर्वी हा लिफ्टवाला रविवारची कामं कुणाच्या तरी गळ्यात घालून मोकळा व्हायचा. गेली चार वर्षं मात्र तो ती स्वतःहून मागून घेत होता. सुट्टीच्या कामाला दीडपट पैसे मिळायचे, आणि त्याच्या धाकट्या मुलीच्या पायातल्या बुटांची किंमत त्याच्या महिन्याच्या पगाराच्या घरात होती. बुटांखालची पाती वेगळी विकत घ्यावी लागतात, हे त्याला पहिला जोड घेताना दुकानातच कळलं होतं. तेव्हा त्याने दुकानदाराला विचारलं होतं, "मग बुटांबरोबर येतं तरी काय?" दुकानदार म्हणाला, "नाड्या."

धाकटीचं घरातलं नाव भिंगरी. पाय फुटले तेव्हापासून स्वतःभोवतीच फिरायची म्हणून. सहाव्या वर्षी वर्गातल्या मुलीच्या वाढदिवसाला ती पहिल्यांदा बर्फावर स्केटिंग करायच्या रिंकवर गेली. बाकीची पोरं कठडा धरून रडत होती आणि ही बर्फाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिथल्या कोचबाईंनी तिच्या आईला बाजूला घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "हिला शिकवा." दोनच शब्द, पण त्यांचं बिल सात वर्षं येत होतं.

आधी आठवड्यातून एक तास होता. मग तीन झाले, मग रोज शाळेच्या आधी दोन. बर्फाचं भाडं वेगळं, कोचबाईंची फी वेगळी, नाच बसवणाऱ्या बाईंची वेगळी. पात्यांना दर तीन आठवड्यांनी धार. स्पर्धा दुसऱ्या शहरात असली की कोचबाईंचा प्रवास आणि हॉटेल सगळ्या पालकांनी मिळून भरायचं. त्यात भिंगरीचे पाय कुणाचं ऐकत नव्हते, दर आठ महिन्यांनी वाढायचे. लिफ्टवाला कामावरच्या दोस्तांना सांगायचा, "लोक बर्फ सरबतात घालतात, आम्ही पगार बर्फात घालतो." दोस्त हसायचे. तोही हसायचा, पण दर वेळी थोडा कमी.

आई दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर लोकांच्या तोंडात नळी धरून घरी आली की स्वयंपाक उरकायची आणि मशीनवर बसायची. भिंगरीचे स्पर्धेचे ड्रेस ती स्वतः शिवायची, कारण विकतच्या एका ड्रेसमध्ये घरातल्या चौघांचे वर्षभराचे कपडे झाले असते. एका ड्रेसवर हजारभर खडे लागायचे. ते एकेक करून चिमट्याने उचलून चिकटवायचे. त्यातले निम्मे थोरली चिकटवायची.

थोरली वीस वर्षांची होती. गेल्या वर्षी तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. तेव्हा बाबा तिला म्हणाला होता, "एक वर्ष थांबशील का गं?" ती "हो" म्हणाली आणि औषधांच्या दुकानात कामाला लागली. यंदा पुन्हा प्रवेशाचं पत्र आलं होतं. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलेलं होतं, आणि सगळेजण फ्रिज उघडताना दुसरीकडे बघत होते.

त्या शुक्रवारच्या आधीच्या शनिवारी विभागाची स्पर्धा होती, चार तासांवरच्या शहरात. पहिल्या चार मुली राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. निवड झालेल्या मुलींना उन्हाळ्यात सहा आठवड्यांच्या शिबिराला बोलावणं होतं. बोलावणं मानाचं, खर्च पालकांचा. लिफ्टवाल्याने तो आकडा वाचला होता. त्यांच्या घराच्या वर्षाच्या भाड्याहून तो मोठा होता.

तो पत्नी आणि थोरलीबरोबर वरच्या रांगेत बसला होता. खालून थंडी वर येत होती. एकोणीस मुलींमध्ये भिंगरीची पाळी अठरावी होती. सतरा मुली होऊन गेल्या तेव्हा फलकावर पहिल्या चौघींचे गुण दिसत होते. कोचबाईंनी सकाळीच सांगितलं होतं, "पडली नाही तर येईल. एकदा जरी पडली तर अवघड आहे."

भिंगरी बर्फावर आली. निळा ड्रेस, केस घट्ट बांधलेले. संगीत सुरू झालं. पहिल्या दोन उड्या सहज गेल्या. तिसरी अवघड होती, अडीच गिरक्यांची. सरावात ती उडी दोनातून एकदा चुकायची. भिंगरी कोपऱ्यातून वेग घेत वळली, आणि लिफ्टवाल्याच्या मनात आलं, पडू दे.

लागू नये तिला. पण पडू दे.

विचार एवढा स्पष्ट होता की शेजारच्याने ऐकला असेल असं त्याला वाटलं. भिंगरी उडाली, फिरली आणि एका पायावर उतरली. हात पसरून, हनुवटी वर करून मागे सरकत गेली. पत्नीने त्याची बाही गच्च धरली. सगळे टाळ्या वाजवत होते, तोही वाजवू लागला. तळहात लाल होईस्तोवर वाजवल्या, कारण थांबलो तर लोकांना कळेल अशी भीती त्याला वाटली.

भिंगरी तिसरी आली.

बाहेर पालकांची गर्दी झाली. एका मुलीचे वडील फर्निचरच्या मोठ्या दुकानाचे मालक होते. त्यांनी लिफ्टवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "अभिनंदन! आता खरी सुरुवात!"

"हो ना," लिफ्टवाला म्हणाला. 'आत्तापर्यंत चाललं होतं ते काय होतं मग?' असं विचारावंसं वाटलं, पण त्याने विचारलं नाही.

कॉफीच्या मशीनपाशी कोचबाई एकट्या उभ्या होत्या. पन्नाशीच्या, डाव्या गुडघ्याला कायमचा पट्टा. तो जाऊन उभा राहिला आणि एका दमात बोलून मोकळा झाला. "बाई, शिबिराचं आम्हाला झेपणार नाही. फीमध्ये काही कमी करता येईल का?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "माझी फी मी सोडते. पण शिबिरात माझी फी सगळ्यात लहान गोष्ट आहे."

"तुमच्या वेळी कसं केलं घरच्यांनी?"

"घर विकलं," बाई म्हणाल्या. "मी राष्ट्रीय स्पर्धेत नववी आले. मग गुडघा गेला. आईवडील अजून भाड्याने राहतात. कधी एका शब्दाने बोलले नाहीत मला." त्यांनी कप हातात फिरवला. "बोलले असते तर बरं झालं असतं. वीस मिनिटांच्या वर बसवत नाही मला त्यांच्याकडे."

"मग आम्ही काय करावं?"

"ते मी नाही सांगणार. आईबापांना 'करा' असं मी खूपदा सांगितलंय."

परतीच्या वाटेवर भिंगरी मागच्या सीटवर पदक गळ्यात घालूनच झोपली. तिचं डोकं थोरलीच्या खांद्यावर होतं. शहर मागे पडून तास झाला. मग थोरली हळूच म्हणाली, "बाबा, मी कळवते कॉलेजला. आणखी एक वर्ष थांबते."

तिच्या आवाजात राग असता तर त्याला सोसला असता. ती दुकानात उरलेल्या गोळ्यांची पाकिटं मोजावीत तशी बोलली होती. त्याने आरशात बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि एका हाताने बहिणीचं डोकं सावरून धरत होती.

पुढच्या पेट्रोल पंपावर त्याने गाडी थांबवली. पेट्रोल भरलं, मग टायरमध्ये हवा भरायच्या मशीनपाशी गेला. हवा पुरेशी होती. पत्नी उतरून त्याच्यामागे आली.

"काय झालंय? तिथून निघाल्यापासून तोंड पाडून बसलायत."

"ती पडावी असं मला वाटलं," तो म्हणाला. "त्या उडीच्या वेळी. स्वतःच्या पोरीबद्दल."

पत्नीने हवेची नळी त्याच्या हातातून घेऊन जागेवर अडकवली. संध्याकाळचं ऊन पंपाच्या छपरावरून उतरत होतं.

"मी तर डोळेच मिटले होते," ती शेवटी म्हणाली. "आणि मिटून काय मागत होते ते मला विचारू नका."

दोघं तिथे उभे राहिले. ती एकदम हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि तिने ते दवाखान्यातल्या सवयीने मनगटाने पुसले. "अहो, दमले मी," ती म्हणाली. "इतकी दमलेय ना, की पोरगी जिंकली तर मला पहिल्यांदा भाडं आठवतं."

"थोरलीला जाऊ दे यंदा."

"जाऊ दे. पण धाकटीला तुम्ही सांगायचं. आणि सरळ सांगायचं. गोल गोल फिरवू नका, त्यात ती तुमच्यापेक्षा हुशार आहे."

सोमवारी भिंगरी शाळेतून आल्यावर त्याने तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. राष्ट्रीय स्पर्धेला जायचं, पण शिबिराला नाही. स्पर्धा झाली की रोजच्याऐवजी आठवड्यातले तीनच दिवस. ताई कॉलेजला जाणार. त्याने सगळं सांगितलं, कारणासकट. पगार किती, जातो कुठे, सगळं.

भिंगरी ऐकत होती. तेरा वर्षांची होती, पण पाठ ताठ ठेवून बसायची सवय होती. "शिबिराला न जाता पुढच्या वर्षी कुणाची निवड होत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माहितीये ना?"

"माहितीये."

"म्हणजे संपलंच."

"तसं नाही गं..."

"बाबा, मी तिसरी आले तेव्हा तुम्ही हसत नव्हता. मी खालून बघितलं." तिचा आवाज चिरकला. "मी पडले असते तर बरं झालं असतं ना तुम्हाला?"

नाही म्हणणं सोपं होतं. शब्द तोंडाशी आलाही होता. पण उद्या ही मुलगी पन्नास वर्षांची होईल आणि आपल्या घरी वीस मिनिटांच्या वर बसणार नाही, असं त्याच्या डोळ्यांसमोर आलं.

"हो," तो म्हणाला. "वाटलं होतं. क्षणभर. मग तू उतरलीस, आणि इतकी सुंदर उतरलीस की मला माझीच लाज वाटली. दोन्ही खरं आहे, बाळा."

भिंगरी उठून खोलीत गेली. दार आपटलं नाही, अगदी हलकेच लावलं. त्याचा त्याला जास्त त्रास झाला. नऊ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. गाडीत बसायची, रिंक आली की सीटचा पट्टा काढून उतरायची आणि निघून जायची. थोरलीशी मात्र दुसऱ्याच दिवशी बोलली. रात्रीच्या जेवणाच्या वेळी फ्रिजवरचं पत्र काढून तिच्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "सही कर. तेल लागू देऊ नकोस."

राष्ट्रीय स्पर्धेला ती आईबरोबर गेली. चौघांनी जायचं म्हणजे खर्च दुप्पट होता. बाविसांत ती चौदावी आली. अडीच गिरक्यांची उडी तिथे चुकली. आईने फोनवर सांगितलं, "पडली, पण लगेच उठली. रडली नाही. भूक लागलीये म्हणते." लिफ्टवाला तेव्हा एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर, लिफ्टच्या उघड्या दारासमोर उभा होता. त्याने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग जिन्याच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ हत्यारांना हात लावला नाही. बरं वाटावं तर वाटत नव्हतं, आणि वाईट कशाचं वाटतंय तेही धड सांगता येत नव्हतं.

थोरली वसतिगृहात राहायला गेली. भिंगरी आठवड्यातले तीन दिवस रिंकवर जाते. कोचबाईंनी तिला छोट्यांच्या वर्गात हाताखाली घेतलं आहे, त्याच्या बदल्यात दोन तास बर्फ फुकट मिळतो. आईचं मशीन महिनाभर झाकलेलंच आहे. भिंगरीचा राग गेला असं नाही, तो घरातल्याच एका माणसासारखा घरात वावरतो. कधी जेवताना दिसतो, कधी आठवडाभर दिसत नाही.

उन्हाळ्यात शिबिराला गेलेल्या मुलींचे व्हिडिओ ती फोनवर बघायची. बाबा जवळून गेला की फोन पालथा ठेवायची. एका दुपारी तिने तो ठेवला नाही.

"बघा," ती म्हणाली. "ही फर्निचरवाल्यांची. आधी मला हरवू शकायची नाही. आता हरवेल."

तो तिच्या शेजारी बसला. पडद्यावरची मुलगी वेग घेऊन वळली, उडाली, उतरली.

"खांदा लवकर वळवतेय," भिंगरी म्हणाली. "दिसला?"

"नाही दिसला."

तिने सुस्कारा टाकला, व्हिडिओ मागे नेला आणि फोन त्याच्याकडे सरकवला. "नीट बघा. इथे."

तो नीट बघायला लागला.