लितोराल प्रांताचा शेवट

पेरू आणि बोलिव्हिया यांनी मिळून १८३६ साली एक महासंघ काढला. दुसऱ्या वर्षी त्यात समुद्रकाठी लितोराल नावाचा प्रांत निघाला, आणि १८३९त महासंघासकट मोडलाही. सगळं दोन वर्षांत उरकलं. अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात त्यावर पीएचडी करणाऱ्या ज्ञानदेवला मात्र सातवं वर्ष लागलं होतं.

१९८६च्या दिवाळीपर्यंत त्याच्या गाइडचा धीर सुटला. सोमवारी शेवटचं प्रकरण आलं नाही तर असिस्टंटशिप बंद, आणि तिच्यामागोमाग व्हिसा. प्रकरण होतं प्रांत कसा मोडला याचं. त्यासाठीची पत्रं ज्ञानदेवनं पेरूतल्या एका दप्तरखान्यात बसून बॉलपेननं उतरवून आणली होती. तिथं झेरॉक्स नव्हतं, आणि पुन्हा जायला ग्रँट नव्हती.

शनिवारी तो लायब्ररीत गेला. घरी रूममेट राजीवची आई, नागपूरहून आलेल्या वसुधामावशी, चकल्या तळायला बसल्या. पेपर टॉवेल संपले. वर्तमानपत्रं ढीगभर होती, पण छापील शाई पोटात जाते असं त्यांनी कुठंसं वाचलं होतं, बहुधा वर्तमानपत्रातच. म्हणून त्यांनी टेबलावरचे हातानं लिहिलेले, स्वच्छ कागद पसरले.

ज्ञानदेव आला तेव्हा तेलानं बॉलपेनची शाई फुटून प्रांताचा निळा तलाव झाला होता. एका पानावर तारीख तेवढी वाचता येत होती, तीही अर्धीच. त्यानं ते पान उजेडाकडे धरलं. बोलला राजीव, आणि मग मावशींनी जो पदर डोळ्यांना लावला तो काढेचनात. पोराचं वाटोळं केलं, म्हणाल्या. उद्याच्या विमानानं परत पाठवा, म्हणाल्या.

सात वर्षांचं काम चकल्यांसकट बशीत घेऊन, एक चकली खात ज्ञानदेवलाच त्यांची समजूत घालत बसावं लागलं.

"मावशी, तो प्रांत तसाही बरखास्तच झाला होता हो."

"कधी?"

"दीडशे वर्षं होत आली."

मावशींचं रडणं जरा थांबलं. "म्हणजे आपल्या हातून नाही ना गेला?"

"नाही."

"आणि तुझी डिग्री?"

भिंतीवर गाइडनं लाल पेननं 'सोमवार' लिहिलेलं कार्ड टाचलेलं होतं. ज्ञानदेवनं त्याच्याकडे पाठ केली.

"मिळेल की," तो म्हणाला, आणि आणखी एक चकली उचलली. तेवढ्याशिवाय त्यांचा विश्वास बसला नसता.