लिहिण्याची परवानगी

पंचशीलानं विलासचा फोन हातात घेतला आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट दाबलं. चित्रात क्रिकेटची बॅट होती.

"हे खातं तुमच्या पोराचं आहे," ती म्हणाली. "परवानगी तुमच्या नावाला दिलीय. पोराच्या नावानं गेलात तर तक्ता कसा उघडणार?"

तिनं खातं बदललं, लिंक पुन्हा दाबली. तक्ता उघडला. सिरसाळ्याहून तेवढ्यासाठी एस.टी.नं आलेला विलास खुर्ची पुढं ओढून आकडे भरायला बसला.

वडवणीच्या स्टँडमागं दोन खोल्यांत संस्थेचं ऑफिस होतं. तेरा गावांतून दर सोमवारी एकेक माणूस विहिरींमध्ये टेप सोडायचा, पाणी किती खोल गेलं ते बघायचा आणि फोनवरून एकाच सामाईक तक्त्यात लिहायचा. तो तक्ता पंचशीलाच्या हाती होता. शनिवारी तिनं तो जुन्या फोल्डरमधून नव्या वर्षाच्या फोल्डरमध्ये हलवला. परवानग्या जुन्या फोल्डरला लावलेल्या होत्या, त्या तिथंच राहिल्या. सोमवारी तेराही गावांच्या फोनवर एकच ओळ उमटली : तुम्हाला परवानगी नाही.

चूक आपली आहे हे तिनं संस्थेचे प्रमुख त्रिंबक सर यांना लगेच सांगून टाकलं आणि कामाला लागली. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. कुणाचं खातं चुकलं होतं, कुणी जुनीच लिंक दाबत होतं, एकाला नुसतं वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. एकेक गाठ तिनं शांतपणे सोडवली. मंगळवारी दुपारी बारापर्यंत बारा गावं भरून झाली. राहिलं एक, टेकवाडी.

टेकवाडीचा रकाना कोरा राहून चालणार नव्हता. पाच वाजता अहवाल बीडला जायचा होता आणि कोणत्या गावांचे पाझर तलाव यंदा दुरुस्त करायचे ते त्याच आकड्यांवर ठरणार होतं. आकडे नाहीत, तर गाव यादीत नाही.

टेकवाडीचं काम केशरबाई ओव्हाळ बघायच्या. वय साठीच्या पुढं. पंचशीलानं तपासलं तर केशरबाईंच्या नावाला परवानगी पुन्हा दिलेली होती, अगदी लिहिण्याची. अडचण कुठंच दिसत नव्हती, तरी आकडे येत नव्हते. तीनदा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

उलट कालपासून एका अनोळखी खात्यावरून परवानगीची विनंती येत होती. नाव होतं दीपमाला. सोबत चिठ्ठी नाही, गावाचा उल्लेख नाही. विनंती दोनदा आली होती.

तिनं ती त्रिंबक सरांना दाखवली. सरांनी मान हलवली. दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या कुणीतरी तक्त्यात शिरून स्वतःच्या गावच्या विहिरींचं पाणी आणखी खोल गेलेलं दाखवलं होतं, आणि त्यावरून बीडच्या बैठकीत सरांना खाली मान घालून बसावं लागलं होतं. तेव्हापासून नियम झाला होता : एका गावाला एकच नाव. अनोळखी माणसाला तक्ता द्यायचा नाही. टेकवाडी कोरी गेली तर जाऊ दे, असं ते म्हणाले.

पंचशीलानं वाद घातला नाही. तिनं टेकवाडीच्या जुन्या नोंदी उघडल्या. दोन वर्षांत एकही सोमवार चुकलेला नव्हता. इतर गावं नुसते आकडे भरायची, टेकवाडीच्या आकड्याशेजारी मात्र बारीक टीप असायची. 'मोटर चालू होती. अर्धा तास थांबून माप घेतलं.' 'काठाचा दगड पडला, आता माप दुसऱ्या दगडापासून.' तेरा गावांत असं काम कुणाचं नव्हतं. तिनं गाडीची किल्ली उचलली आणि चार वाजेपर्यंत फोन करते असं सरांना सांगून ती निघाली.

केशरबाई ओट्यावर पाय लांब करून तूर पाखडत बसल्या होत्या. पंचशीलाला बघून त्यांना उठता आलं नाही. भिंतीला हात टेकून उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसल्या. आतून पाणी घ्यायला सांगितलं. फोन त्यांच्या शेजारीच होता.

"मावशी, फोन कावून नाही उचलला?"

"फोनवर सांगन्यासारखं नव्हतं."

पंचशीलानं फोन मागून घेतला. कोपऱ्यातलं चित्र दाबलं. केशरबाईंचं खातं त्यात नव्हतंच. ते चुकून बंद झालेलं नव्हतं, नीट काढून टाकलेलं होतं. त्यासाठी चार ठिकाणी बोट दाबावं लागतं आणि शेवटी फोन विचारतो, नक्की काढायचं का म्हणून. आता तिथं एकच नाव होतं, दीपमाला.

दीपमाला म्हणजे केशरबाईंची सून. पंचशीलानं तिला दोनदा चहा आणून देताना पाहिलं होतं, त्यापलीकडं ओळख नव्हती. तिच्या मनात एकदम बरंच काही जुळून आलं. सासूचं काम सुनेनं काढून घेतलं, म्हातारीला फोनमधून बाहेर केलं. हे खातं कुणी काढलं, असं तिनं जरा कडक आवाजातच विचारलं.

"म्याच काढलं," केशरबाई म्हणाल्या. "शेजारच्या सत्यमला इचारून इचारून."

सूप बाजूला ठेवून त्यांनी मग सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले. विहिरीच्या काठावर वाकणं जमेना. पहिल्या सोमवारी सून म्हणाली, मी जाते, तुम्ही बसा. तेव्हापासून तीच जात होती, अकराच्या अकरा विहिरींवर. टेप तिची, वही तिची, टिपा तिच्या. लिहायची मात्र सासूच्या नावानं, कारण परवानगी त्या नावाला होती.

"जानेवारीत बीडला बोलावलं तुमी. सगळ्यांसमोर उभं केलं. ताई, तुमीच इचारलं, का मोटर चालू असली तर अर्धा तासच कावून थांबता."

पंचशीलाला आठवलं. केशरबाई नुसत्या हसल्या होत्या. लाजल्या असतील, असं समजून तिनं टाळ्या वाजवल्या होत्या आणि हॉलनंही.

"मला काय ठावं? ही घरी चुलीपाशी, अन् टाळ्या मला. घरी येऊन म्हनलं, तुज्या नावानं लिही. ती म्हनली, आत्याबाई, नाव तुमचंच राहू द्या, काय फरक पडतो. दोन महिने सांगितलं. ऐकंना. मग म्या माजं नावच काढून टाकलं. आता माज्या नावानं लिहील कशी? तिच्याच नावानं परवानगी मागावी लागली तिला."

पंचशीलानं फोन खाली ठेवला. मघाचा आपला कडक आवाज तिच्या कानात होता. तिनं सूप स्वतःकडं ओढलं आणि तुरीतला एक खडा वेचून बाहेर टाकला.

दीपमाला आली तेव्हा सव्वातीन झाले होते. खांद्यावर गुंडाळलेली टेप, हातात वही, साडीचा काठ ओला. सात नंबरच्या विहिरीचा आकडा कालच्या मापात पटला नव्हता म्हणून ती पुन्हा मोजून आली होती. ऑफिसच्या ताई ओट्यावर बसलेल्या बघून ती दारातच थांबली आणि सासूकडं पाहू लागली.

पंचशीलानं तिला जवळ बसवून घेतलं. वही मागितली. पानापानावर अकरा आकडे, तारीख, वेळ. मग स्वतःच्या फोनवर ती विनंती उघडली. 'वाचू शकेल', 'लिहू शकेल' अशा दोन ओळी होत्या. तिनं दुसरी निवडली आणि बटण दाबलं.

"उघडा आता," ती म्हणाली.

तक्ता उघडला. दीपमालानं पदराला बोटं पुसली आणि वहीतला एकेक आकडा भरायला लागली. घाई केली नाही.

ती शेवटच्या विहिरीवर आली तोवर त्रिंबक सरांचा फोन आला. टेकवाडीच्या रकान्यात भलत्याच नावानं आकडे पडताहेत, असं ते म्हणत होते. पंचशीलानं सांगितलं की परवानगी तिनं दिली आहे, नियम मोडला आहे हे तिला माहीत आहे, आणि ती ऑफिसला येऊन त्याची जबाबदारी लेखी देईल. मग तिनं फोनचा आवाज मोठा केला.

"काय विचारायचं ते यांनाच विचारा, सर. दोन वर्षं मापं यांचीच आहेत."

सरांनी टेकवाडीचा रकाना वरपासून वाचला. मग त्यांनी विचारलं की सगळ्या विहिरी खाली जात असताना सात नंबरचं पाणी दीड हात वर कसं आलं.

"आठ दिवस मोटर बंद हाय, सर," दीपमाला म्हणाली. "गहू निघाला त्यांचा. म्या आज दुसऱ्यांदा मोजलं, तेवढंच आलं. पुढल्या सोमवारी शेजारच्या दोन बी वर आल्या तर झरा एकच हाय म्हणायचं. न्हाई आल्या तर नुसती मोटरची गोष्ट."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. सरांचा स्वर बदलला. अहवालात मोजणाऱ्याचं पूर्ण नाव लागतं, ते सांगा, असं ते म्हणाले.

दीपमालानं वही मिटली. तिनं सासूकडं पाहिलं, मग खाली.

केशरबाई भिंतीला धरून उठल्या. दोन पावलं टाकून फोनपाशी आल्या, वाकल्या, आणि तलाठ्याला सांगावं तसं सावकाश म्हणाल्या, "दीपमाला परमेश्वर ओव्हाळ."

सरांना नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

केशरबाईंनी सुनेकडं बोट केलं आणि फोन तिच्या तोंडापाशी नेला.