पत्र्यातली फट

माझा नवरा एलादिओ लोखंडाची शिल्पं करतो. कसली, ते विचारू नका. आमच्या चिंबोते बंदराच्या बाजारात बायका मला टोमणे मारतात, "काय गं, तो मासा आहे का पंखा?" मी म्हणते, "त्यालाच विचारा, मी फक्त त्याचे जळके सदरे शिवते." लहानपणी पोलाद कारखान्याच्या कुंपणाला नाक लावून तो लालभडक पत्रे बघत बसायचा. आता मोडीत काढलेल्या बोटी बघतो. समुद्राने पत्रा कुठे वाकवला, कुठे खाल्ला, ते बोटांनी चाचपतो. म्हणतो, अर्धं काम समुद्रानेच केलेलं असतं.

त्याच मेल्या समुद्राने माझ्या भावाला नेलं. विल्मेरची बोट बुडाली, कुणाचंच प्रेत मिळालं नाही. पुढे कुणाच्या तरी जाळ्यात अडकून बोटीचा एक पत्रा तेवढा वर आला. बुडालेल्यांचं स्मारक करायचं ठरलं तेव्हा एलादिओने तोच पत्रा घेतला, दुमडून धक्क्यावर उभा केला आणि मधोमध एक उभी फट ठेवली. माणूस नाही, जाळं नाही, संतसुद्धा नाही. विल्मेरने स्वतः दिलेला निळा रंग मात्र जागोजागी तसाच राहू दिला.

"फट बुजव बाबा," स्मारक कमिटीचा अध्यक्ष फाउस्तो मागे लागला. "अर्धवट वाटतं. लोक बाटल्या टाकतील."

"बुजवली तर उरेल ते भंगार. मग वजनावर विक," एलादिओ म्हणाला. पुढे कितीतरी दिवस दोघांचं बोलणं बंद होतं, पण फट राहिली.

मला काळजी होती ती आईची. ती अजून रोज विल्मेरच्या वाटणीचं माशाचं सार काढून ठेवते. तो कुठल्यातरी लांबच्या बंदरात उतरलाय, येईल, म्हणते. तिच्याशी वाद घालायची आमच्यात कुणाचीच छाती नाही. तिने तो पत्रा ओळखला तर तिचं काय होईल, या विचाराने मला जेवण जाईना. कोळ्यांचा संत सान पेद्रो, त्याच्या सणाला उद्घाटन होतं, म्हणून तिला आधीच मावशीकडे धाडायचं मी ठरवलं होतं.

पण सणाच्या आदल्या दिवशी त्या फाउस्तोने बाजारात तिच्यापाशी तोंड उघडलंच. आई शाल गुंडाळून माझ्या दारात उभी राहिली.

"स्मारक मेलेल्यांचं करतात," ती म्हणाली. "माझा मुलगा कुठे मेलाय? चल, दाखव मला."

मी हजार सबबी सांगितल्या. ती चालायला लागली, मग मीही तिच्यामागे धावले. धक्क्यावर एलादिओ तारेच्या ब्रशने सांधे घासत होता. आम्हाला बघून त्याचा हात थांबला.

आईने निळ्या रंगावर तळवा ठेवला. "ओघळ बघ," ती म्हणाली. "कितीदा सांगितलं, ब्रश निथळून घे. ऐकेल तर शपथ."

मी तिचा दंड धरला. तिने तो सोडवला, वाकली आणि फटीत कोपरापर्यंत हात घातला. तशीच उभी राहिली.

"आई, कडा धारदार आहेत," एलादिओ हळूच म्हणाला.

"आत किती गार आहे रे," ती म्हणाली. "बंद कर हे."

मी एलादिओकडे बघितलं. फाउस्तोला बोलला तेच हिला बोलला तर संपलंच सगळं. त्याने तोंड उघडलं. "आई, ती फट म्हणजेच तर..."

"समुद्राचा वारा थेट आत शिरतोय," आई म्हणाली. "कधीचा कुडकुडत असेल माझा मुलगा."

एलादिओ गाडीकडे गेला, लोखंडाची पट्टी शोधून आणली, मापाला कापली. पट्टी आईनेच धरली. त्याने आपला हातमोजा काढून तिच्या हातात चढवला. मला रडू आवरेना.

"तोंड तिकडे करा, आई. डोळ्यांना त्रास होईल."

तिने तोंड समुद्राकडे केलं, हात मात्र हलवला नाही. त्याने वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला.

"बेतानं हं," ती म्हणाली. "त्याला चटका बसायला नको."