परशूची बर्फातली कुपी

कुंभारवाड्याला बस येईल याचा भरवसा नाही. चमत्कार मात्र वाट विचारत येतात. त्र्याण्णव साली झिलूच्या अंगणात अशीच जत्रा लोटली होती. फणस काढताना पडून झिलूचा कणा मोडला होता, कमरेखाली जीव उरला नव्हता. डोळे मिटून तो घोंगडीवर पडला होता.

त्याची बायको देवकी. तिचा सख्खा भाऊ परशू शहरात प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायचा. आता तो गळ्यात माळ घालून आला होता. बर्फाच्या थर्मासातून त्याने बोटाच्या पेराएवढी कुपी काढली.

"ह्ये इलायती अमृत! मेल्या शिरा उठवतंय! देवानं सपनात दावलं, सायन्सनं बाटलीत भरलं!"

तळपायावर थेंब पडला आणि झिलूचा पाय ताडकन उडाला. बायकांनी हात जोडले. देवकी तर भावाच्या पायाच पडली.

"आता ह्येला कुशीवर वळवू नका. औषध एका अंगाला जातंय," परशूने बजावले.

देवकीने शब्द पाळला. महिन्याभरात झिलूच्या पाठीला तळहाताएवढी जखम पडली, अंग तापाने फणफणले. तेव्हा कुठे रामनगरहून डॉक्टर सावित्रीबाईंना आणले. जखम धुऊन त्यांनी परशूकडून कुपी घेतली आणि तिच्यावर डकवलेली चिठ्ठी वाचली.

"देवकी, हे औषधच नाही. शिरांच्या पेशी मरू नयेत म्हणून शरीरात एक प्रथिन असतं. ते आहे की नाही, एवढंच याने प्रयोगशाळेत हुडकतात. कुत्रा रानात डुक्कर हुडकतो, म्हणून काय डुक्कर वितो?"

"मग पाय कसा उडाला?"

बाईंनी थर्मासातलं नुसतं गार पाणी तळपायावर सोडलं. पाय तसाच उडाला. "गार लागलं की मोडल्या कण्याखालचा पाय आपोआप उडतो. मेंदूला पत्ताही नसतो."

देवकी रोज ऊन पाण्याने पाय पुसायची. तिला हे कधी दिसलंच नव्हतं. ती भावाकडे वळली.

"दादा, तुला म्हाईत हुतं?"

परशू म्हणाला, "तिथल्या सायबानं सांगितलं हुतं, ह्ये औषध न्हवं. पण देवके, लोक पाया पडाय लागले..."

"मी बी पडले न्हवं! तुझ्या शब्दावर ह्यांची पाठ सडवली मी! परक्यानं फशिवलं असतं तर सोसलं असतं रे."

झिलू डोळे मिटूनच पुटपुटला, "पाय हलतोय म्हणत हुतीस न्हवं? परत एकदा बघ की."

देवकीने तळपायावर गार पाणी सोडलं. पाय उडाला.

"पाय उडाला त्ये तुमास्नी कळलं काय?" तिने विचारलं.

"काय?" झिलू म्हणाला.

अंगणभर माणसं जमली होती, पण त्याला हे आधी कुणीच विचारलं नव्हतं. बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढं तरी विचारा.