पाकटाच्या पोटातलं

चाळीस वर्षं उलटली, तरी डॉक्टरीणबाईंना तो स्टीलचा ओटा अजून जसाच्या तसा दिसतो. मत्स्यालयातली पाकटाची, पंख पसरून पोहणाऱ्या त्या चपट्या माशाची, मादी त्यावर उताणी पडली होती, परातीएवढी. तासाभरापूर्वी गेलेली.

मासे सांभाळणारे मामा शेजारी हाताची घडी घालून उभे होते. महिनाभर दोघांत एकच वाद.

"बाई, हिचे दिवस भरत आलेत," मामा म्हणायचे.

"अहो मामा, आठ वर्षं ही टाकीत एकटी! नर काय नळातून आला?"

पोट चाचपून बाईंनी यकृत सुजल्याचं ठरवलं होतं आणि तिचा खुराक निम्म्यावर आणला होता.

"आता यकृतच दाखवते तुम्हाला," म्हणत त्यांनी पांढऱ्या पोटावर सुरी चालवली. यकृत दिसलं. सुजलेलं कुठलं, उपासानं पार आकसलेलं! त्यांनी आतडं बाजूला सारलं. मागे डाव्या अंगाला टम्म फुगलेली पिशवी होती. ती त्यांनी उघडली.

आत तीन पिल्लं होती. पंख कागदाच्या सुरळीसारखे अंगाभोवती गुंडाळलेले. नराविनाही पाकटाला क्वचित पिल्लं होतात, हे तेव्हा बाईंना ठाऊक नव्हतं.

मामा हाताची घडी सोडून पुढे वाकले. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

दोन पिल्लं निपचित होती. तिसऱ्याची शेपटी हलली.

"मामा, पाणी! तिच्याच टाकीतलं!"

मामा या वयात असे धावले की बादली अर्धी वाटेतच सांडली. बाईंनी पिल्लू पाण्यात धरलं. काहीच होईना. मग डोळ्यांमागची श्वासाची इवली भोकं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. सुरळी हळूहळू उलगडली आणि तळहाताएवढं पाकट बादलीच्या तळाशी जाऊन बसलं.

बाईंनी त्याच ओट्यावर अहवाल लिहिला. मरणाचं कारण : गाभण असताना खुराक तोडला. निर्णय माझा.

मामांनी खांद्यावरून वाचलं. "एवढं कशाला लिहिता? साहेब नोकरीवरून काढतील."

"मग काय लिहू? नर नळातून आला म्हणून?"

मामांनी नाक पुसलं. कोळंबीचा बारीक तुकडा बाईंच्या हातावर ठेवला.

"पहिला घास तुम्हीच भरवा," ते म्हणाले. "आणि बाई, अख्खा. निम्मा नको."