हसरेषा

"मॅडम, सूर्याला मुरुमं येतात का?"

हा प्रश्न माझा नव्हता. तो खारूताईचा होता, आणि मी तो भर वर्गात विचारून दाखवला नाही तर आठवडाभर तिचं आणि बॅरिस्टरचं दप्तर उचलायचं, अशी पैज लागली होती. दोघी माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणी. खारूताई प्रत्येक तासाला काहीतरी कुरतडत असते आणि बॅरिस्टर फळ्यावरच्या तारखेवरूनही वाद घालते. माझं नाव त्यांनी ठेवलं होतं कुलूप. वर्षभरापूर्वी माझ्या दातांना तारा बसल्या, आणि तेव्हापासून तोंड उघडायच्या आधी मी त्यावर तळहात आडवा धरायचे. उत्तर येत असलं तरी गप्प. वर्षभरातल्या सगळ्या फोटोंत मी कोणावर तरी चिडल्यासारखी दिसते.

त्या गुरुवारी मात्र एक हात वर होता, दुसऱ्या हाताला बॅरिस्टर मागून चिमटा काढत होती. तोंड झाकायला हात उरलाच नाही.

वर्ग फुटला. शेवटच्या बाकावरचा एकजण तर बाकाखाली गेला. विज्ञानाच्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की माझे कान तापले. पण पाहुण्या मॅडम हसल्या नाहीत. त्या गावाबाहेरच्या चुंबकीय वेधशाळेतून आल्या होत्या, पृथ्वीचं चुंबकत्व रोज मोजणं हे त्यांचं काम. त्यांनी चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि परत लावून मला नीट न्याहाळलं.

"येतात की," त्या म्हणाल्या. "तुझ्या हनुवटीवरच्यापेक्षा बरीच मोठी. एकेका डागात अख्खी पृथ्वी बुडेल."

आता वर्ग माझ्या हनुवटीला हसला. मीही हसले. काय करणार?

"आणि वय पण असतं त्याला. साधारण अकरा वर्षांनी सूर्यावर डागांची गर्दी होते, मग हळूहळू तोंड स्वच्छ होतं, मग परत गर्दी. सध्या ऐन भरात आहे बघ. त्या डागांपाशी चुंबकत्वाचा नुसता गुंता झालेला असतो, आपण न विंचरता झोपल्यावर केसांचा होतो तसा. गुंता फार ताणला गेला की तुटतो, आणि सूर्य विद्युतभारित कणांचा एक ढगच्या ढग भिरकावून देतो. आज सकाळीच एक भिरकावलाय. आपल्या दिशेने."

खारूताई कुरतडायची थांबली.

"मग? आपण भाजणार?" बॅरिस्टरने विचारलं.

"छे! पृथ्वीभोवती तिचं स्वतःचं चुंबकत्व आहे ना, ते अंगावर घेतं सगळं. पण हादरा बसतोच. होकायंत्राची सुई थरथरते, रेडिओ खरखरतो, विजेच्या लांबलांब तारांमध्ये भलताच प्रवाह घुसतो. म्हणून वीजवाले आमच्या फोनची वाट बघत असतात. शनिवारी दुपारपर्यंत पोहोचेल तो ढग." मग माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "तू येतेस का शनिवारी? नोंदी लिहायला मला कोणीतरी हवंय. जमलं तुला, तर दर शनिवारी ये."

मी 'हो' म्हटलं. इतक्या मोठ्याने की पुढच्या बाकावरची दचकली.

अडचण घरी होती. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. आई दात बघते, बाबा मागच्या खोलीत कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या बनवतात. बाहेरच्या पाटीवर आईचं नाव, त्याखाली बाबांचं, आणि त्याखाली चार बोटं रिकामी जागा. ती माझी. मी सातवीत असल्यापासून ती जागा माझी वाट बघतेय. सवय व्हावी म्हणून दर शनिवारी मी काउंटरवर बसते, "पुढचा नंबर कोणाचा?" असं विचारते आणि रडणाऱ्या पोरांना फुगे देते.

"एक शनिवार जा," आई म्हणाली. "पण एकच हं. नाहीतर ही सूर्याची मुरुमं फोडत बसेल आणि इकडे पेशंट रांगेत."

"एकच," बाबांनी मान डोलावली. आई बोलली की बाबा शेवटचा शब्द परत म्हणतात.

एकच! म्हणजे त्या एका शनिवारी मला असं काही करून दाखवायचं होतं की मॅडमनी मला सोडूच नये. मग घरच्यांना कसं गुंडाळायचं ते मी बघितलं असतं.

मॅडमनी चिठ्ठी दिली होती: *अंगावर लोखंडाचा कणही नको.* मी जिवाचं रान केलं. केसांच्या पिना काढल्या, दोऱ्याने वेणी बांधली. चेन नाही, हूक नाही, नाडीची पॅन्ट, प्लॅस्टिकची बटणं. बुटांत म्हणे कधीकधी टाचेत खिळा असतो, म्हणून रबरी चपला. शेवटी आईने फ्रिजवरचं लोहचुंबक काढून माझ्यावर डोक्यापासून पायापर्यंत फिरवलं. कुठेच चिकटलं नाही.

"पास," आई म्हणाली.

दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारी माझी आई! पण आमच्या घरात दातांच्या तारा म्हणजे दातच. त्यांना कोणी लोखंड म्हणत नाही.

वेधशाळा म्हणजे मोठा घुमट वगैरे असेल असं मला वाटलं होतं. होती एक लाकडी खोली. खिळेसुद्धा पितळेचे. आत एका दगडी खांबावर काचेच्या पेटीत रेशमाच्या धाग्याला एक छोटी चुंबकपट्टी टांगलेली, आणि तिला टिकलीएवढा आरसा चिकटवलेला. दिव्याचा झोत आरशावर पडायचा आणि परतून समोरच्या आकडे लिहिलेल्या लांब पट्टीवर प्रकाशाचा ठिपका उमटायचा. चुंबकपट्टी केसभर वळली तरी ठिपका सरकणार.

"बाहेर जमिनीखाली यंत्रं आहेत, ती आपोआप मोजतात," मॅडम म्हणाल्या. "त्यांची रेघ पलीकडच्या खोलीत पडद्यावर दिसते. पण यंत्रांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो. म्हणून ही आजीबाई अजून कामाला आहे." आजीबाई म्हणजे ती काचेची पेटी.

मी दाराजवळच्या स्टुलावर बसले. मॅडम आकडा सांगायच्या, मी लिहायचे. बावीस. बावीस. बावीस. मला इतका आनंद झाला होता की मी उठून पेटीवर वाकले आणि आरशाकडे बघत विचारलं, "मॅडम, आजीबाईंना कंटाळा नाही का येत?"

"सव्वीस!" मॅडम ओरडल्या. "थांब. एकोणतीस! आलं! दोन तास आधीच आलं!"

मी आनंदाने टाळ्या वाजवत परत स्टुलापाशी गेले.

"बावीस," मॅडम म्हणाल्या आणि गोंधळल्या.

मी परत पेटीवर वाकले. "गेलं का?"

"सत्तावीस! कसलं विचित्र वादळ आहे हे!" वीजवाल्यांना फोन करायला त्या धावतच पलीकडच्या खोलीत गेल्या. मी श्वास रोखून बसले. फोनचा आवाज काही आला नाही. मॅडम परत आल्या, अगदी हळू चालत.

"पडद्यावर रेघ सरळ आहे. झोपल्यासारखी. म्हणजे वादळ फक्त या खोलीत आहे." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मघाशी वाकली होतीस तशी वाक बरं. हं. आता हस."

मी हसले. ठिपका मी वाकल्याबरोबरच सरकला होता.

"तोंड मीट. मागे हो. आता परत ये आणि हस... अगं बाई! तुझे दात!"

माझा तळहात आपोआप तोंडावर गेला. वर्षभर ज्या तारांची मला लाज वाटत होती, त्यांच्यामुळे विजेचं अख्खं ऑफिस खोटंच पळापळ करणार होतं.

"चूक माझी," मॅडम म्हणाल्या. "पंचवीस वर्षं मी लोकांचे खिसे तपासतेय, तोंड कोणाचंच नाही तपासलं. पण तुला आत बसवता येणार नाही गं. तारा निघाल्या की ये."

"अजून दीड वर्ष आहे," मी हाताआडून म्हटलं.

"अरेरे. तोवर सूर्याचा हा भर ओसरायला लागेल."

गुरुवारच्या आधीची मी असते, तर चपला घालून घरी गेले असते आणि उशीत डोकं खुपसलं असतं. पण ज्या मुलीने भर वर्गात सूर्याची मुरुमं काढली, तिला आता कसली लाज? मी हात खाली घेतला.

"मॅडम, मला मोजा ना!"

"काय?"

"मी हसत हसत मागे जाते. ठिपका कुठे हलायचा थांबतो ते बघू. तिथे बसेन."

मॅडमनी खिशातून खडू काढला.

एक पाऊल, हसले: सत्तावीस. दोन पावलं: चोवीस. तीन: तेवीसच्या अलीकडे. चार, पाच. हसून हसून माझे गाल दुखायला लागले. सहाव्या पावलाला मी उंबऱ्याबाहेर होते, आणि कितीही दात काढले तरी ठिपका बावीसवर ढिम्म. खात्री म्हणून मॅडमनी मला आणखी चार पावलं मागे ढकललं आणि जमिनीवर पांढरी रेघ ओढली. तिच्याखाली लिहिलं: *हसरेषा*.

तिथून काम करायचं तर ओरडावं लागायचं. मॅडम आतून ओरडणार, मी तोच आकडा परत ओरडून लिहिणार, म्हणजे ऐकण्यात चूक नको. आणि तोंडावर हात ठेवून ओरडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"बावीस!"

"बावीस!"

असं आम्ही दोन तास ओरडलो. कुंपणापलीकडून जाणारे एक आजोबा थांबून म्हणाले, "काय हो, एवढ्या बावीस काय वस्तू आहेत?"

मी त्यांना उत्तर देणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "एकतीस! अगं, मागे सरक!"

"मी रेषेमागे आहे!"

"अडतीस! हसू नकोस म्हणते ना!"

"नाही हसत! तोंड बंद आहे! मी नाही, मॅडम, मी नाही!"

मॅडम दारात आल्या. मी रेषेच्या मागे, हाताची घडी, ओठ घट्ट मिटलेले. आम्ही दोघी एकदमच पडद्याकडे धावलो. सकाळपासून झोपलेली रेघ उठून उभी राहिली होती, सरळ कड्यासारखी, आणि वर जाऊन थरथरत होती. पंधरा कोटी किलोमीटरवरून आलेली थरथर!

मॅडमनी फोन लावला. "आलं. हो, खात्रीने. दोन्हीकडे दिसतंय." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आणि माझी मदतनीस हसत नव्हती." पलीकडच्या माणसाला काय कळलं असेल देव जाणे. फोन ठेवून त्यांनी माझी वही उघडली, पान पान बघितलं आणि खाली सही केली. "पुढच्या शनिवारी दहाला ये. खडू मी आणते."

घरी पोहोचले तेव्हा शेवटचा पेशंट नुकताच गेला होता. आई हातमोजे काढत होती, बाबा एक कवळी पॉलिश करत होते. मी सगळं सांगितलं. बाबा इतके हसले की कवळी हातातून सुटली. आईने कपाळाला हात लावला.

"माझ्या डोक्यातच आलं नाही! थांब, तुझ्या तारा बदलू. सिरॅमिकच्या बसवू, दिसतही नाहीत. वर्षभर मागे लागली होतीस ना?"

"लागली होतीस ना," बाबा म्हणाले.

होय, लागले होते. रडलेसुद्धा होते. मी खिडकीतून बाहेर बघितलं. पाटीची मागची बाजू दिसत होती. मी काउंटरवर चढून बसले, फुग्यांची पिशवी बाजूला सारली आणि हसरेषेवरून बोलतात त्या आवाजात म्हणाले, "आई, बाबा, ऐका. तारा आहेत त्याच राहू देत, मला माझी जागा सापडलीय. दर शनिवारी मी वेधशाळेत जाणार, आणि शाळा संपल्यावरही मला हेच शिकायचंय. पाटीवरच्या त्या चार बोटांत तुम्ही दवाखान्याची वेळ लिहून टाका. शनिवारी काउंटरवर कोणी नसेल, तेही लिहा."